मधल्याचा खटॅक

मी मधला बोलतोय. मधला म्हणजे कॅमेरा. आमच्या घराण्यात आम्ही तिघे भाऊ. थोरला धिप्पाड, धावपळीच्या बातमीदारांसाठी. धाकटा हलका, नवशिक्यांच्या गळ्यात पडायला. आणि मी 'सर्वांसाठी', म्हणजे नक्की कुणासाठी ते कंपनीलाही सांगता यायचं नाही.

गंमत अशी की थोरल्याच्या आणि माझ्या पोटात एकच यंत्र बसवलं होतं. मी तर हुरळूनच गेलो! पण एके दिवशी लांबलचक टेबलाभोवती साहेब मंडळी जमली.

"हा सगळंच करायला लागला तर थोरल्याला कोण विचारणार?" एकाने शंका काढली.

"मग याचं काहीतरी काढून घ्या."

"काय काढू?"

"मौन काढा."

झालं! थोरला चिडीचूप फोटो काढणार आणि मी प्रत्येक फोटोला बोंबलणार. ज्याला शांतता हवी तो आपोआप जास्त पैसे मोजून थोरला घेईल, असा हिशेब. शांतता माझ्या पोटात होती, तिला फक्त कुलूप घातलं.

खरं सांगू? मला मुळीच वाईट वाटलं नाही. माझा आवाज काय झकास होता! सुक्या अक्रोडावर हातोडा पडावा तसा. खटॅक! पहिल्यांदा ऐकला तेव्हा मीच दचकलो, आणि मग पुन्हा कधी ऐकायला मिळतो म्हणून झुरत बसलो.

मला विकत घेतलं ते दादाने. तो नाटकांचे फोटो काढायचा. खरं तर तो तिच्या एकटीचा दादा, पण तिचं ऐकून सगळेच त्याला दादा म्हणायला लागले. ती म्हणजे चिमणी, त्याची धाकटी बहीण. तिला पहिल्यांदाच मोठी भूमिका मिळाली होती.

तालमीच्या खोलीत जमिनीवर रंगीत चिकटपट्ट्या लावलेल्या. ही पट्टी म्हणजे दार, ती म्हणजे पलंग. दिग्दर्शिकेला सगळे बाई म्हणत. बाईंना दिसत सगळं होतं, पण खुपत फक्त मी होतो.

"अरे, कॅमेरा आहे की उंदराचा पिंजरा?"

"बाई, हा असाच आहे," दादा पुटपुटे.

"तालमीपुरता चालवून घेते. प्रयोगात वाजला तर पिंजऱ्यासकट बाहेर काढीन."

नाटक एका जागी येऊन थांबायचं. चिमणी प्रेक्षकांकडे पाठ करून उभी. मागून दिव्याचा उजेड हळूहळू वर चढे. तो केसांवर आला की तिने वळायचं आणि म्हणायचं, "मी जाणार नाही." एवढंच वाक्य, पण त्यावर सगळं नाटक तोललेलं. सुरुवातीला ती कधी लवकर वळायची, कधी उशिरा. पाठमोरीला उजेड दिसणार कसा?

मग दादा मला घेऊन तालमींना यायला लागला आणि पोरगी एकदम सुधारली. उजेड केसांवर आला की दादा बटण दाबे, मी खटॅक करी, आणि ती झर्रकन वळे. रोज. अचूक.

"पाठीला डोळे फुटलेत का गं?" बाई खूश.

"मला आतून कळतं," चिमणी मान उडवून म्हणे.

प्रयोग तोंडावर आला तसा दादा मला घेऊन दुकानात गेला. जुना द्या, थोरला घ्या, अशी योजना चालू होती. दुकानदार काकांनी मला उलटासुलटा केला, काचेवर फुंकर मारली.

"थोरला आत्ता कशाला घेता? त्याची नवी आवृत्ती सोमवारी येतेय."

"पण प्रयोग शनिवारी आहे, काका. आवाज नको."

"मग अपडेट टाका की! याला आता मौन मिळालंय. थोरल्याला नवे कपडे शिवले की त्याचा आखूड झालेला सदरा मधल्याच्या अंगात येतो. शनिवार उरका, सोमवारी बदलून घ्या."

अपडेट झालं. पडद्यावर आलं, 'अभिनंदन! आपल्या कॅमेऱ्याला नवी सुविधा मिळाली आहे.' माझीच वस्तू मला दिली, वर अभिनंदन! पण गप्प राहून फोटो काढताना काय मजा आली म्हणून सांगू! कुणाच्या नकळत मागून टपली मारून पळावं तशी. दादा घरभर फोटो काढत फिरला. मी हूं की चूं केलं नाही.

शनिवारी नाट्यगृह भरलं. दादा पहिल्या रांगेच्या टोकाला. मी बिनबोभाट टिपत होतो. ती जागा आली. चिमणी पाठमोरी. उजेड कमरेवर, खांद्यावर, केसांवर. दादाने बटण दाबलं. मी इमानाने फोटो काढला. चिडीचूप.

चिमणी वळली नाही.

उजेड केसांवरून भिंतीवर गेला. कुणीतरी खोकलं. विंगेत बाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. चिमणीचे कान मात्र लालबुंद झाले होते आणि, शपथेवर सांगतो, ते माझ्याकडे लागले होते.

"अरे देवा," दादा माझ्या कानाशी कुजबुजला, "ती तुझी वाट बघतेय!"

आवाज चालू करायला त्याची बोटं धावली, तर कंपनीने अपडेटच्या नादात घरातलं सगळं सामान हलवलेलं! माझ्या पडद्यावरच्या यादीत आवाजाच्या जागी भाषा, भाषेच्या जागी तारीख. दादाचा अंगठा घामाने घसरतोय. बाहेर काढतील हे त्याला ठाऊक होतं. तरी तो शोधत राहिला. सापडलं! त्याने डोळे मिटले आणि दाबलं.

खटॅक!

काय घुमलो मी! चिमणी झर्रकन वळली. डोळ्यांत पाणी, ते खरंखुरं. "मी जाणार नाही."

मग टाळ्यांचा असा काही कडकडाट झाला की माझा एवढा मोठा आवाज त्यात बुडून गेला.

पडदा पडल्यावर दादा मान खाली घालून मला पिशवीत भरू लागला. समोर बाई.

"कोण वाजलं ते?"

"मी... म्हणजे हा. जातो, बाई."

"जातोस कुठे? उद्या पुन्हा वाजव. तिथंच. एकदाच."

चिमणी रंगल्या तोंडाने धावत आली. "दादा, सोमवारी याला बदलणार होतास ना? बदलून तर बघ! तुझ्याशी बोलणारच नाही."

"आतून कळतं ना गं तुला?" दादा म्हणाला आणि तिने त्याला चापट मारली. ती मलाच लागली.

आता थोरल्याची आणखी नवी आवृत्ती दुकानाच्या काचेत चमकते म्हणे. चमको बापडी! माझ्या अंगावरचा रंग उडालाय, पट्टा विरलाय. प्रयोगाच्या संध्याकाळी मी सगळे फोटो गपचूप काढतो आणि एकच मोठ्याने.

लांब टेबलाभोवतीच्या साहेबांनो, खुशाल नवे भाऊ जन्माला घाला. कुणाला काय द्यायचं, कुणाचं काय काढायचं ते ठरवा. फक्त आवाजाचं बटण चटकन सापडेल अशा जागी ठेवा. कुणीतरी आमच्याकडे पाठ करून, आमच्या भरवशावर उभं असतं.

थांबा, उजेड खांद्यावर आला. आता बोलू नका.

खटॅक!