गळ्याची मापं

शर्टाचं वरचं बटण उघडं म्हणून लेकीला तिसऱ्यांदा वर्गाबाहेर उभं केलं होतं. आईने घरी ते बटण लावून पाहिलं, तर पोरीचा श्वास अडकला. गळ्याखाली सूज होतीच, थायरॉइडची. गोळी सुरू झाली होती. ‘या वयात मुलींना होतं,’ म्हणत डॉक्टरांनी हात झटकले होते. बडबडीपायी जिला घरात सगळे रेडिओ म्हणत, ती तेरा वर्षांची पोर हल्ली शाळेतून आली की दप्तरासकट आडवी व्हायची.

आई शर्ट घेऊन गणवेश शिवणाऱ्या शिंपीणबाईंकडे गेली. कॉलर सैल करून हवी, म्हणाली. बाईंनी तोंडातली टाचणी काढली.

“तुमचीही? या वर्षातली ही सातवी.”

त्यांनी नाव-पत्त्यांसकट मापांची वही पुढे सरकवली. पोरं उंचीने वाढतात, पोटाने वाढतात, म्हणाल्या. गळा फुगतो तो फक्त आमच्या धन्याचा, तोही माझ्याशी भांडताना.

आईला हसू आलं नाही. सातही पत्ते एकाच गल्लीचे होते. रेनकोटच्या कापडावर पाणी ठरू नये म्हणून रसायनाचा लेप देणारा कारखाना, त्याच्या मागची गल्ली. कारखान्याने दानशूरपणे भिंतीला नळ काढून दिलेला, वर पाटी: शेजाऱ्यांसाठी बोअरचं मोफत पाणी. सहा वर्षं ती रोज दोन कॅन भरून आणत होती. गोड पाणी, म्हणून चार जणींना सांगतही होती. तळपायाची आग मस्तकात गेली, आणि त्यातली अर्धी स्वतःवरच होती.

घरी जाऊन तिने दोन्ही कॅन मोरीत उपडे केले. दुसऱ्या दिवशी शिंपीणबाईंची वही मागून घेऊन आरोग्य कार्यालयात गेली. पाणी तपासा, पोरी तपासा, म्हणाली. कारकून वही चाळून हसला. शिंपिणीच्या वहीवर कार्यालय चालत नाही म्हणाला, शाळेचं काही लेखी असेल तर आणा.

मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं, चहा मागवला. शाळेच्या सभागृहाचं छप्पर कारखान्यानेच घालून दिलंय, हेही आठवणीने सांगितलं. पत्रबित्र कशाला, उगाच घबराट. बटणाचंच म्हणाल तर सूट देतो, लगेच. पेन उघडून त्यांनी दोन ओळी लिहिल्यासुद्धा. छपराच्या मोबदल्यात सात गळे. वर बटणाची खैरात.

चहाला तिने हात लावला नव्हता.

“कारण लिहा, सर.”

“कसलं कारण?”

“सूट कशासाठी ते. नाहीतर उद्या दुसऱ्या बाई तिला पुन्हा बाहेर काढतील.”

हे त्यांना पटलं. थायरॉइडमुळे गळ्याला सूज, असं लिहून त्यांनी सही केली, शिक्का मारला. तिने शाई फुंकून वाळवली, कागद फाइलीत ठेवला आणि दार उघडलं. बाहेर बाकावर सहा आया बसल्या होत्या, हातात लेकींचे तपासणीचे कागद. टोकाला शिंपीणबाई, मांडीवर वही.

“यांनाही सूट हवीय.”

तिसऱ्या चिठ्ठीवर मुख्याध्यापकांचं पेन थांबलं. त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. “बाई, हे कागद तुम्ही कुठे नेणार आहात?”

“जिथे शाळेचं लेखी मागितलंय तिथे,” ती म्हणाली. फाइल उघडून तिने पहिली चिठ्ठी पुन्हा त्यांच्यापुढे ठेवली. “लिहा सर. आणि प्रत्येकीचा पत्ता घाला. माझ्या लेकीच्या चिठ्ठीवर राहिलाय, तोही.”