घर बसतंय

मागच्या खोलीचं दार सकाळी नीट लागत होतं, दुपारी ते चौकटीत अडकलं. तिनं खांदा लावून पाहिला. मग नजर खाली गेली. भिंत आणि फरशी यांच्यामध्ये बोट जाईल एवढी फट पडली होती.

गावाबाहेरच्या गुहेत ती पर्यटकांना फिरवायची. "पावसाचं पाणी मातीतून मुरताना किंचित आंबट होतं," हे तिचं रोजचं पालुपद. "ते चुनखडीचा दगड विरघळवत जातं. आत पोकळी होते, वरचं छत पातळ होतं आणि एक दिवस जमीन खाली बसते." लोक माना डोलवायचे, फोटो काढायचे. तीही पोपटपंची करून मोकळी व्हायची.

आता ती गुडघ्यांवर बसली आणि तिनं फरशीला कान लावला. खाली माती सरकत होती. फाटक्या पोत्यातून साखर गळावी तशी.

"आई, आपल्याला बाहेर जायचंय. आत्ता."

सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, पण जिभेला धार. "दार फुगलं असेल. तुझा नवरा आला की मारेल रंधा."

"दार नाही फुगलं. घर बसतंय."

सुनेचा आवाज ऐकून सासूबाईंनी अंगावरची चादर बाजूला सारली. तिनं त्यांना पाठुंगळी घेतलं. आपल्याच घरात ती चोरपावलांनी चालत होती. स्वयंपाकघरात भांडी आपोआप किणकिणली. सासूबाईंनी मिठी आवळली. "माझं शिलाई मशीन," त्या कानाशी पुटपुटल्या. तिनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

रस्त्यापलीकडे त्यांना खाली टेकवल्यावर मात्र तिला राहवेना. नवरा वारल्यावर सासूबाईंनी त्या मशीनवरच घर चालवलं होतं, मुलगा वाढवला होता. ती घराकडे वळली, तशी त्यांनी तिची बाही धरली.

"नको जाऊस. मरू दे ते."

मोठा आवाज झालाच नाही. मागची खोली आधी कलली, मग दमलेल्या माणसानं बसकण मारावी तशी खाली गेली. नुसती धूळ वर आली.

समोरच्या शेजारणीनं दोन खुर्च्या आणून ठेवल्या.

"किती खोल असेल गं?" सासूबाईंनी विचारलं.

"माहीत नाही, आई."

खुर्चीत बसूनही तिचे पाय जमिनीला टेकेनात. तिनं ते वर उचलून धरले होते. सासूबाईंनी पाहिलं. एरवी त्यांनी टोमणा मारलाच असता. आज त्यांनी ते मातकट पाय दोन्ही हातांनी ओढून स्वतःच्या मांडीवर घेतले.

"राहू देत इथे," त्या म्हणाल्या.