नस दबली म्हणून सांगितलं

आठ दिवस प्रेमिला एक खोटं जिवापाड सांभाळत होती.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्या नवऱ्याला, कवडूला, बाहेर बाकावर बसवलं आणि तिला नि तिच्या दिराला, उदारामला, आत बोलावलं. मेंदूच्या देठात, मानेच्या जरा वर, गाठ आहे म्हणाल्या. श्वास, गिळणं, तोल, सगळं तिथूनच चालतं, म्हणून सुरी लावता येत नाही. तपासायला तुकडा काढणंही जोखमीचं. येता आठवडा सोडून पुढच्या सोमवारपासून सहा आठवडे मशीनमधून किरणांचा शेक द्यायचा. "किती दिवस आहेत?" उदारामनं विचारलं. बाई म्हणाल्या, "लहान मुलांना हा आजार लवकर नेतो. मोठ्यांचं तसंच होईल असं नाही. काही जण वर्षानुवर्षं जगतात, काहींना तेवढं मिळत नाही. तारीख मी देणार नाही."

उदारामला त्यातलं पहिलंच वाक्य ऐकू आलं. बाहेर येईस्तोवर त्यानं ठरवूनही टाकलं, दादाला सांगायचं नाही, मानेतली नस दबली म्हणायचं. आजाऱ्यापासून त्याचाच आजार लपवण्यात आपली माणसं भारी हुशार! प्रेमिलानं मान डोलावली. तेव्हापासून कवडूला पेज पिताना ठसका लागला, की ती हातातलं काम टाकून त्याच्याकडे धावायची.

शनिवारी ती गावतळ्यावरून, बोडीवरून, धुणं घेऊन आली, तर बाज रिकामी. सासू अनुसयाबाई तांदूळ पाखडत होत्या.

"सुकरामकडे गेला. नस दबली त नागपूरले कायले जा लागते म्हणे. सुकराम एका झटक्यात मोकळी करते."

धुणं तिथंच पडलं. सुकराम गावातल्या लचकलेल्या कमरा आणि अवघडलेल्या माना बसवायचा. हनुवटीखाली हात घालून असा हिसका द्यायचा, की कट्ट आवाज शेजारी ऐकू जावा. प्रेमिला अनवाणी धावत सुटली. नस दबल्याचं आपणच तर सांगितलं. मग तो दुसरीकडे कुठे जाणार होता?

सुकरामच्या ओसरीत तीन-चार माणसं पाळी धरून बसली होती. कवडू बाजेवर उताणा होता, मान तेलानं चकचकीत. सुकरामचा एक हात हनुवटीखाली, दुसरा डोक्यावर.

"हात काढा, सुकरामभाऊ!" ती किंचाळली. "नस नाही जी ते! डोक्यात गाठ हाये यायच्या!"

सुकरामनं झटकन हात मागे घेतले. कवडू हळूहळू उठून बसला. हल्ली त्याला एका माणसाची दोन दिसत, म्हणून एक डोळा मिटून त्यानं तिच्याकडे पाहिलं.

"मरतो का मी?"

"मले नाही मालूम," ती रडत म्हणाली. मग बाईंचं सगळं बोलणं तिनं सांगितलं, न गाळता. मुलांचं वेगळं, मोठ्यांचं वेगळं. काही जगतात, काही नाही. शेक चुकवायचा नाही.

"आठ दिवस एकटीच भेऊन राहिली होती?"

कवडूनं तिचा हात धरला. विंचू चावला तरी हूं न करणारा हा माणूस आता म्हणाला,

"मलेबी भेव वाटून राहिला, प्रेमिला. सोमवारी मले एकट्याले आत नको जाऊ देजो."

'नाही जाऊ देत' हे शब्द तिच्या ओठांवर आले होते. ते तिनं गिळले.

"शेकाच्या खोलीत तुमाले एकट्यालेच जा लागते," ती म्हणाली. "दुसऱ्याले थांबू देत नाही. मी दरवाज्याले लागून उभी राहीन."