लुकलुकणारं पाकीट

माझी बायको फेलिसा जानेवारीत गेली. नवव्या दिवसाची प्रार्थना झाली तरी सांत्वनाचे फोन थांबेनात. प्रत्येकाला तेच सांगायचं, ती कशी गेली. जेट्टीवर बासिलियाची मोबाइलची टपरी आहे. तिला म्हटलं, "फोन येणंच बंद कर."

तिने चार आकडी नंबर टाकून येणारे कॉल बंद केले. "मेसेज येतील हं, मानोंग." मानोंग म्हणजे थोरला भाऊ; ती मला तसंच म्हणते.

मला तेवढं पुरे होतं. आमचा रोदेल मालवाहू जहाजावर आहे. बंदराला लागला की मेसेज करतो.

मार्चमध्ये मी झाडावरच्या आंब्यांना कीड लागू नये म्हणून कागद गुंडाळत होतो. खाली रेडिओ चालू होता. अटलांटिकमध्ये चार दिवसांपूर्वी एक जहाज बुडालं, आपली काही माणसं सापडत नाहीत, असं सांगितलं. जहाजाचं नाव रेडिओच्या खरखरीत गेलं. रोदेल त्याच समुद्रात होता, आणि फेलिसा गेल्यापासून त्याचा एकही मेसेज आला नव्हता.

शिडीवरून उतरलो तो थेट जेट्टीवर.

बासिलियाने फोन हातात घेतला. "पडद्यावरचं हे मेसेजचं पाकीट कधीपासून लुकलुकतंय?"

"दीडदोन महिने झाले असतील."

"आणि तुम्ही नुसते बघत बसलात?"

घरात काळं फुलपाखरू आलं की गेलेलं माणूस भेटून गेलं, असं आमच्याकडे मानतात. पाकिटाचंही मी तसंच धरलं होतं. मी ते बासिलियाला सांगितलं. ती हसली नाही.

"मानोंग, मेसेजची जागा भरलीय. दहाच मावतात. एक काढल्याशिवाय नवा आत येत नाही."

दहाही फेलिसाचे होते. मीठ आण. उशीर होईल, जेवून घे. छत्री विसरलास, बावळटा.

"नाही काढणार," मी म्हणालो.

"मग मुलाचं कळायचं कसं?" तिने वही पुढे केली. "लिहून घ्या. वेळ, तारखेसकट. मी वाचते."

तिने दहाही वाचले, मी लिहिले. 'बावळटा' वाचताना मात्र ती हसली. मग मी मिठाचा मेसेज काढायला सांगितला.

क्षणभर काहीच झालं नाही. मग फोन दोनदा वाजला. बासिलियाने मोठ्याने वाचलं: "तातय, ब्राझीलला पोचलो. तुम्ही उत्तर का देत नाही? फोनही लागत नाही. रोदेल." तारीख कालची होती. जहाज बुडालं त्याला चार दिवस झाले होते.

मी बाकावर बसलो.

बासिलियाने तोच चार आकडी नंबर टाकून येणारे कॉल पुन्हा सुरू केले आणि माझ्या नावाने उत्तर पाठवलं. दहा मिनिटांत फोन आला.

"तातय! जिवंत आहात ना?"

"मी? अरे, तू जिवंत आहेस का ते बघायला आलोय इथे!"

"मला काय होतंय? आई गेली, त्यात तुमचा पत्ता नाही. मी काय समजायचं? चर्चच्या फादरना फोन केला. ते म्हणाले, तुझा बाप अन्सेल्मो रविवारी येत नाही, पण आंब्याच्या झाडावर दिसतो."

"दिसतो तर दिसतो. तिथेच असतो मी."

"आता रोज मेसेज करायचा. एक शब्द चालेल."

"कोणता?"

"काहीही. 'आहे' लिहा."

बासिलिया टपरीतून ओरडली, "आणि आलेले मेसेज काढत जा, म्हणावं त्यांना!"

तो हसला, मी हसलो. तोंड पुसायला रुमाल शोधला, तर खिशात आंब्याचे कागदच होते.