डोंगरामागे अडकलेली गाडी

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, माझ्या पाठीवर डोंगर आहे, स्टेशन आहे आणि खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ आहेत, हे ऐकून हसू नका. अहो, म्हातारपणी कोणाच्या वाट्याला काय येईल, सांगता येते का?

सुताराने मला घडवले तेव्हा मी चांगला ताठ होतो. घड्याळजींच्या घरी मी वर्षानुवर्षे उघडलो, मिटलो, त्यांच्या लेकीच्या रागापायी धाडकन आपटलोही. पुढे लेक लग्न होऊन दूर गेली, दोन खोल्यांमधली भिंत पाडली आणि मी बेकार झालो. आता आपण सरपणात जाणार, असे मी धरूनच चाललो. पण दुकान बंद करून घरी बसलेल्या घड्याळजींनी मला मेजासारखे आडवे केले, लोखंडी कोनांनी भिंतीला पक्के ठोकले आणि बायकोला हाक मारली, "अगं, ये इकडे. आपण रेल्वे काढू या!"

"या वयात? कमालच आहे तुमची!" ती हसली, पण हातातले काम टाकून आली.

आखणीतच कित्येक महिने गेले. काय ते सुखाचे दिवस! ती काड्यापेट्यांची घरे मांडायची, ते ओली सुतळी वळवून रुळांची वळणे ठरवायचे. गाडी कुठेही अडकली तरी हाताने सोडवता आली पाहिजे, हा त्यांचा नियम. म्हणून ते माझ्या कडेला उभे राहून हात लांबवत आणि बोटे टेकतील तिथे खडूची खूण करत. सगळी आखणी त्या एका हाताच्या मापाने झाली. वायरी माझ्या कुलपाच्या भोकातून खाली गेल्या.

डोंगरामागच्या वळणापाशी मात्र ती अडली. "अहो, हे वळण फार तीव्र झालंय. गाडी इथे अडकणार बघा. आणि माझा हात काही तिथवर पोचत नाही."

"तुझा कशाला पोचायला हवा? मी आहे ना!"

गाडी अडकायचीच. मग ते डोंगरावरून हात घालून तिला सोडवायचे आणि बायको म्हणायची, "सांगितलं होतं की नाही?" शेजारीपाजारी येऊन तोंडभरून कौतुक करायचे. मी तर नुसता फुगून जायचो.

एका हिवाळ्यात घड्याळजी गेले.

बऱ्याच दिवसांनी तिने बटण दाबले. गाडी स्टेशनातून निघाली, डोंगरामागे गेली आणि थांबली. तिने टाचा उंचावून हात घातला. चार बोटांचे अंतर राहिले. "मी आहे ना, म्हणाला होतात," एवढेच बोलून ती माझ्या कडेवर डोके टेकून रडली.

लेक भेटायला आली तेव्हा तिने सहज हात घालून गाडी बाहेर काढली. "एवढंच ना, आई?"

आईने तिचा हात धरला. "अगदी त्यांचा हात आहे गं तुझा." कितीतरी वेळ ती तो सोडेना. पण लेकीलाही तिचा संसार होता. ती परत गेली आणि त्याच संध्याकाळी गाडी पुन्हा अडकली.

आता आई बटण दाबत नाही. रोज फडक्याने माझ्यावरची धूळ पुसते, तीही हात पोचेल तिथवर. डोंगरापलीकडे धुळीचा थर साचला आहे आणि त्यात गाडी उभी आहे.

मित्रांनो, तुम्हीही कधी रूळ आखाल, कधी घर आखाल. तेव्हा सोबतच्या माणसालाही कडेला उभे करा, त्यालाही हात लांबवू द्या आणि ज्याचा हात आखूड असेल त्याच्या बोटांपाशी खूण करा. मी दरवाजा आहे, मला हात नाहीत. असते, तर ती गाडी मी केव्हाच तिच्यापुढे आणून ठेवली असती.