बंद आवाजातली चाल

पोरांना जॅझ कळत नाही, असं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. कळायला शिकवलं कुणी? म्हणे, डोळे मिटा आणि अनुभवा. अहो, डोळे मिटले की कॉलेजची पोरं झोपतात.

माझ्याकडे तसलं काही नाही. आधी मूळ चाल तोंडपाठ. मग सॅक्सोफोनवाला तिच्यावर कितीही भरकटू दे, पोरांनी मनात चालच म्हणत राहायची. ती संपून पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली की हात वर. सुरुवातीला सगळं पालथ्या घड्यावर पाणी. पण मीही काही कमी चिवट नाही.

आज प्राचार्य मागे येऊन बसले. हा वर्ग ठेवायचा की बंद करून खोली संगणकवाल्यांना द्यायची, हे बघायला. मी सगळ्यात अवघड डाव काढला. सॅक्सोफोन रंगात आला आणि मी आवाज पूर्ण बंद केला. रेकॉर्ड फिरतेय, ऐकू काहीच येत नाही. सॅक्सोफोनवाल्याचं झालं की सगळे वादक मिळून मूळ चाल पहिल्यापासून धरतात. तिथे हात वर व्हायला हवे.

"बाई, काही बिघडलं का?" प्राचार्यांनी विचारलं.

"मुद्दाम बंद केलंय, सर." मी हळू आवाजात सगळं समजावलं आणि मनात पुन्हा चाल धरली.

तेवढ्यात सगळे हात वर. शेवटच्या बाकावरच्या आमच्या कुंभकर्णाचासुद्धा. माझ्या हिशेबाने अजून बरीच चाल बाकी होती. नेमकं आजच नाक कापलं कार्ट्यांनी.

"घाई," मी खेकसले. "झाडून सगळे चुकलात. ऐका आता." आवाज सोडला, तर खोलीभर मूळ चालीची दुसरी ओळ. पहिली नुकतीच होऊन गेली होती.

"म्हणजे चुकलं कोण?" प्राचार्य म्हणाले.

"मी. तुमच्याशी बोलताना माझी चाल सुटली. त्यांची नाही सुटली." लाज वाटायला हवी होती, पण माझा ऊर भरून आला. "बघा, सर. मी चूक म्हणाले तरी एकानेही हात खाली घेतला नाही."

प्राचार्य खुर्ची ओढून कुंभकर्णाशेजारी जाऊन बसले.

"परत लावा. मीही हात वर करून बघतो."

"लावते," मी म्हणाले. "पण मध्ये बोलायचं नाही."