रिव्हॉल्व्हरचा शेवटचा आकडा

ताईला खुर्ची टोचत होती. खुर्ची चांगली मऊ होती हो, पण सकाळपासून तिला काहीच धड वाटत नव्हतं. तिसऱ्यांदा उठून ती खिडकीशी गेली आणि तिसऱ्यांदा परत आली.

"बस ना गं ताई! तुझ्या येरझाऱ्यांनी मला घेरी येतेय," धाकटा भाऊ म्हणाला. हा पठ्ठ्या मात्र लग्नाला आल्यासारखा पाय पसरून बसला होता.

टेबलापलीकडे जुन्या हत्यारांचे पारखी बसले होते. सत्तरी ओलांडलेली, डोळ्याला भिंग, बोलणं मोजकं. पोलिसांचा परवानगीचा कागद नीट वाचून मगच त्यांनी अप्पांच्या रिव्हॉल्व्हरला हात लावला होता.

अप्पा म्हणजे या दोघांचे वडील. तरुणपणी लष्करात एका साहेबांच्या गाडीवर ड्रायव्हर. एकदा सुरुंगाने गाडी उडाली, साहेबांच्या पायाला गोळी लागली, तेव्हा अप्पांनी त्यांना पाठीवर घेऊन छावणी गाठली आणि साहेबांनी आपलं रिव्हॉल्व्हर त्यांना बक्षीस दिलं. हे सगळं अप्पाच सांगायचे. साक्षीदार कोण? साहेब केव्हाच वारलेले. बरं, अप्पांना एक आकडा धरून सांगता येईल तर शपथ! एकदा चार मैल चालले, एकदा सात, कुणी चहा पाजला की अकरा. गल्लीतली टवाळ मंडळी विचारायची, "अप्पा, आज किती मैल?" ताई लहानपणापासून त्या मंडळींच्या अंगावर धावून जायची. भाऊ त्यांच्यातच बसून खुशाल हसायचा.

गेल्या वर्षी अप्पा गेले. आणि महिन्यापूर्वी संग्रहालयाचं पत्र आलं. साहेबांच्या रिव्हॉल्व्हरचा नंबर जुन्या नोंदवहीत सापडला होता, तो पत्रात दिला होता. हत्यार तेच निघालं तर अप्पांच्या नावानिशी, त्यांच्या हकिकतीसकट मांडू, असं त्यांनी लिहिलं होतं. गल्लीचं तोंड एकदाचं बंद होणार म्हणून ताई आनंदाने रडली होती.

पारखींनी भिंग काढलं. "बाई, नंबराच्या शेवटच्या आकड्यात गडबड आहे."

ताई खुर्चीच्या कडेला टेकली.

"पहिले चार कारखान्याचे, ठसा ठोकलेले. शेवटचा तीन मात्र कोरलाय. ठोकलं की धातू दबतो, कोरलं की निघून जातो. वर काजळी चोळून जुना भासवलाय. हात सफाईदार आहे हं, कुणातरी धंदेवाल्याचा."

तीस वर्षं ताई पाट्या आणि ढाली कोरायचं दुकान चालवत होती. तिने दोन्ही हात पदराखाली घेतले.

"कुणी केलं असेल?" भावाने विचारलं.

"मालकच करतात बहुतेक वेळा. गोष्ट मोठी सांगून बसलेले असतात, मग तिला नंबर जुळवतात."

भावाने पाय जवळ घेतले. "अप्पा असलं करणार नाहीत. ते मैल वाढवायचे, पण लबाडी नाही करायचे."

ताई पुन्हा उठली. चाळीस वर्षं दर रविवारी अप्पांनी ते रिव्हॉल्व्हर घासून लख्ख केलं होतं. त्यात शेवटचा आकडा इतका झिजला होता की तीन म्हणा, नाहीतर आठ म्हणा. पत्रात तीन होता. पुसट आकडा आपल्याला बघवत नाही, धंद्याची खोड आहे, असं स्वतःला बजावत तिने दुकानात बसून तो ठळक केला होता. मग काजळी कशाला चोळलीस गं बाई? ते तिचं तिलाच ठाऊक होतं.

"आतही नंबर असतो," पारखी म्हणाले आणि मुठीचे स्क्रू काढायला लागले. "भाग एकमेकांत मिसळू नयेत म्हणून कारखान्यात तोच नंबर मुठीखालीही घालायचे. लोकांना माहीत नसतं."

ताईलाही माहीत नव्हतं. तिचा सगळा धंदा वरच्या अंगाचा. तीन निघू दे, देवा, तीनच निघू दे! ती दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली.

"तीन," पारखी म्हणाले. "कारखान्याचा, गंजाखाली शाबूत. पाचही आकडे जुळतात. हे साहेबांचंच हत्यार आहे."

"बघ! मला माहीतच होतं!" भाऊ ओरडला.

"तुला? तू तर हसायचास."

"मैलांना हसायचो गं. बाकी सगळं मला खरंच वाटायचं."

ताईचा चेहरा खर्रकन उतरला.

"पण वरच्या आकड्याचंही लिहावं लागेल," पारखी म्हणाले. "कुणी कोरला, केव्हा, हे कळलं तर आतला नंबर पुरेसा आहे. नाही कळलं तर मालकाने फेरफार केला असं धरतात, आणि अशी वस्तू संग्रहालय घेत नाही."

"म्हणजे अप्पा पुन्हा थापाडे," भाऊ म्हणाला.

"मी कोरला," ताई म्हणाली. "काजळीही मीच चोळली."

भाऊ बघतच राहिला. "अगं, पण तो तीनच होता ना!"

"मला कुठे माहीत होतं?" ताई उसळून म्हणाली. "आठ निघाला असता तर? जन्मभर लोकांशी भांडले रे त्यांच्यासाठी, आणि माझाच विश्वास नव्हता त्यांच्यावर!"

पारखींनी कागद पुढे ओढला. "बाई, हा अहवाल हत्याराशेजारी लावतात. येणारा-जाणारा वाचेल."

"वाचू दे. मुलीने कोरला असं लिहा. आणि तारीख घाला, म्हणजे तेव्हा अप्पा नव्हते हे कळेल सगळ्यांना."

पारखींनी तारीख विचारली. ताईने ती सांगितली आणि त्यांनी नीट लिहिली की नाही, ते वाकून पाहिलं.